घरातली चांदी चकचकीत करायची पण झिजवायची नाही

गौरी-गणपती जवळ आले की, नाहीतर दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, कपाटातली चांदी बाहेर निघते आणि बघावं तर वर्षभर डब्यात नुसता पडून असलेला करंडा काळा, निरांजन तपकिरी, अत्तरदाणीच्या जाळीत सगळं काळं भरलेलं. मग घरच्या ग्रुपवर विचारलं की दहा जण दहा उपाय सांगतात, कोणी टूथपेस्ट, कोणी राख, कोणी लिंबू-मीठ, कोणी म्हणतं सरळ बाजारातलं डिप आणा आणि बुडवा. यातल्या बऱ्याच उपायांनी चांदी चमकते हे खरंय, पण चमकते म्हणजे नेमकं तिचं काय होतं ते कोणी सांगत नाही. नवा संसार मांडलाय, आई किंवा सासूबाईंकडून चांदी आलीय पण ती सांभाळायची कशी ते सोबत आलेलं नाही, अशांसाठी हे लिहितेय, त्यामुळे अगदी पहिल्यापासून सांगते.

चांदी काळी का पडते ते आधी कळलं ना की पुढचं अर्धं काम सोपं होतं. हवेतला ऑक्सिजन चांदीला साध्या तापमानात फारसं काही करत नाही, तिला काळं करतो तो गंधक. हवेत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू अगदी थोडा का होईना असतो, गटार-नाल्याच्या आसपास जास्त असतो, शिवाय उकडलेलं अंडं, कांदा-लसूण, लोकर, रबर या सगळ्यांतही गंधक असतोच. त्याची चांदीशी गाठ पडली की वर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर धरतो. हवा दमट असली की हे काम भराभर होतं, म्हणून मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यात चांदी बघता बघता काळवंडते.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या काळ्या थरात वजनाने साधारण ८७ टक्के चांदीच असते, गंधक फक्त १३ टक्के. म्हणजे तुम्ही खसाखसा घासून ते काळं फडक्यावर काढता तेव्हा फडक्यावर मुख्यतः चांदीच येते! एका वेळेला जाते ती नगण्य असते, पण दरवर्षी, दर सणाला, वर राखेने नाहीतर रांगोळीने घासलं तर काय होतं ते बघायचं असेल तर घरातले जुने टाक हातात घ्या. खंडोबा, भवानी, वीर, जे काही असतील ते. पाच-सहा पिढ्यांचे टाक असतील तर देवाचं नाक-डोळे सपाट झालेले असतात, घोडा कुठे संपतो आणि देव कुठे सुरू होतो ते कळत नाही. ते काळं पडल्यामुळे झालेलं नाही, घासून घासून झालंय. पूर्वीच्या बायकांचा काही दोष नाही, त्यांच्याकडे राख आणि चिंचच होती, पण आपल्याकडे आता दुसरे मार्ग आहेत तर ते वापरावेत एवढंच.

तेव्हा या लेखातली सगळी पद्धत एकाच हिशोबाने आहे, सगळ्यात हलका उपाय आधी करायचा, त्याने झालं तर तिथेच थांबायचं.

आधी वाटण्या करा

सगळी चांदी एका परातीत ओतून एकत्र धुवायला घेऊ नका. ओट्यावर नाहीतर जमिनीवर जाड टॉवेल अंथरा आणि त्यावर वेगवेगळे ढीग करा, कारण यातल्या काही वस्तूंना पाणीसुद्धा चालत नाही.

पहिला ढीग भरीव आणि साध्या भांड्यांचा. वाटी, चमचा, पेला, फुलपात्र, ताटली, तबक, पळी-पंचपात्री, ज्यात खडा नाही, लाकूड नाही, जोडकाम कमी आहे. यांच्यावर पुढचे सगळे उपाय चालतात.

दुसरा ढीग पोकळ आणि आत काहीतरी भरलेल्या वस्तूंचा. गौरीचे मुखवटे, देवाच्या पोकळ मूर्ती, काही जुने दागिने, काही चाकू-काट्यांच्या मुठी. यात आत लाख किंवा मेण भरलेलं असतं आणि गरम पाण्यात गेलं की ते मऊ होतं, बाहेर येतं, पत्रा आत चेपतो. टाकांचंही तसंच, बऱ्याच टाकांना मागून तांब्याचा पत्रा असतो आणि मधल्या फटीत पाणी शिरलं तर ते सुकत नाही, महिनाभराने कडेने हिरवं दिसायला लागतं. या ढिगाला बुडवायचं नाही, फक्त ओल्या कापडाने पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं.

तिसरा ढीग खडे, मोती, पोवळं, मीनाकारी असलेल्यांचा. मोती आणि पोवळं तर सोडा, आंबट, गरम पाणी कशालाच टिकत नाहीत. हे पण फक्त पुसायचे.

चौथा ढीग मुद्दाम काळ्या केलेल्या वस्तूंचा, म्हणजे ऑक्सिडाइज्ड दागिने, किंवा ज्या भांड्यांच्या नक्षीच्या खाचांत कारागिराने काळसर रंग ठेवलाय ती. त्या काळेपणामुळेच नक्षी उठून दिसते. तो काढलात तर वस्तू कोरी, बोडकी दिसते आणि परत तसं करून घ्यायला पैसे पडतात.

पाचवा ढीग जे चांदीचं नाहीच त्याचा. हळदीकुंकवाला वाण म्हणून, मुंजीत-लग्नात रिटर्न गिफ्ट म्हणून जे जर्मन सिल्व्हरचं मिळतं त्यात चांदी औषधालाही नसते, ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण आहे. ते साध्या भांड्याच्या साबणाने धुवा, पुसा, संपलं. मुलामा दिलेल्या वस्तू पण याच ढिगात, कारण चांदीचा थर इतका पातळ असतो की चार वेळा जोरात घासलं की खालचं पितळ पिवळं डोकावतं. ओळखायचं कसं? खरेदीची पावती असेल तर उत्तम, नाहीतर वस्तूच्या बुडाला किंवा कडीजवळ भिंगाने शिक्का शोधा, ९२५ किंवा ९९० असा आकडा असतो, ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी आणि बाकी बहुतेक तांबं. लोहचुंबक लावून बघतात बरेच जण, चिकटलं तर आत लोखंड-पोलाद आहे हे नक्की, पण नाही चिकटलं म्हणून चांदी ठरत नाही कारण तांबं-पितळही चिकटत नाही. खात्री नसेल तर वस्तू मुलाम्याची आहे असं धरून हलक्या हाताने साफ करा, त्यात नुकसान काहीच नाही.

आणि हो, आजोबांच्या पेटीतले राणीछाप-राजाछाप रुपये निघाले असतील तर ते यातल्या कुठल्याच ढिगात टाकू नका. १९४० च्या आधीच्या त्या रुपयात ११.६६ ग्रॅम वजन आणि साधारण ९२ टक्के चांदी असायची, पण नाणी जमवणारे लोक ते घेतात तेव्हा त्यावरचा जुना रंग बघतात, घासून चकचकीत केलेल्या नाण्याची किंमत पडते. लक्ष्मीपूजनाला मांडायचे असतील तर मऊ कापडाने धूळ पुसा आणि मांडा, लक्ष्मीला काही फरक पडत नाही.

काय काय लागेल

फार काही नाही. भांडी धुवायचं साधं लिक्विड (लिंबूवालं शक्यतो नको) किंवा रिठे, जुनं मऊ सुती कापड, धोतर किंवा आजीचं नऊवारी असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही, लहान मुलांचा मऊ टूथब्रश, कानातले कापसाचे बोळे काडीसकट, खायचा सोडा, पोळ्या गुंडाळायची अल्युमिनियम फॉइल आणि प्लॅस्टिकचा टब. टब अशासाठी की स्टीलच्या सिंकमध्ये ओली चांदी हातातून सटकली की पोचा नाहीतर चरा ठरलेला. सिंकमध्येच करायचं असेल तर तळाला टॉवेल घाला.

खायचा सोडा म्हणजे खायचाच सोडा. धुण्याचा सोडा नको, तो जास्त तिखट असतो, आणि बेकिंग पावडर पण नको, तिच्यात आंबट क्षार मिसळलेले असतात. हातमोजे घालणार असाल तर भांडी घासायचे रबरी मोजे चांदीच्या कामाला नकोत, रबरात गंधक असतो हे वर आलंच. अंगठ्या-बांगड्या मात्र काढून ठेवा, काचेच्या बांगडीचा चरा चांदीवर पटकन उठतो.

धुणं, आणि बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं

आधी ती वस्तू नुसती धुवा. वाटेल तेवढं काळं नसतं बऱ्याचदा, वर तुपाचा चिकट थर, कापराची काजळी, वाळलेलं कुंकू, पंचामृत, उदबत्तीची राख असं सगळं बसलेलं असतं आणि लोक त्यालाच काळं पडलं म्हणून घासत सुटतात.

कोमट पाण्यात लिक्विडचे दोन-चार थेंब टाका, वस्तू बुडवून पाच-दहा मिनिटं ठेवा, मग कापडाने किंवा नुसत्या बोटांनी चोळा, नक्षीत ब्रश फिरवा. रिठे वापरणार असाल तर पाच-सहा रिठे फोडून बिया काढा, टरफलं रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी हाताने कुस्करून फेस आला की गाळून घ्या. सोनार लोक दागिने धुवायला हेच वापरायचे, अजूनही काही जण वापरतात. रिठ्याने काळा थर जात नाही, तेलकटपणा आणि मळ मात्र मस्त निघतो, आणि पैंजणांना तर रिठ्यासारखं दुसरं नाही. गाळून घ्यायचं विसरू नका नाहीतर टरफलाचे कण नक्षीत अडकतात.

निरांजनात जुनं तूप घट्ट बसलं असेल तर सुरीने खरवडायचं नाही. कोमट पाण्यात ठेवा, तूप सुटेल, मग कापसाच्या बोळ्याने टिपून काढा. काजळी आधी कोरड्या कापडाने पुसून घ्या, पाणी लागलं की ती पसरते. मेणबत्तीचं मेण पडलं असेल तर थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, कडक झालं की नखाने उडून येतं.

मग स्वच्छ पाण्याने धुवून लगेच पुसा. लगेच म्हणजे लगेचच, ताटाळ्यात निथळत ठेवायचं नाही, बोअरचं पाणी असेल तर थेंब वाळून पांढरे डाग उमटतात. घरात फिल्टर असेल तर शेवटचं खळबळणं त्या पाण्याने करा.

आता कोरडी वस्तू उजेडात धरून रंग बघा. हा भाग महत्त्वाचा आहे कारण पुढे काय करायचं ते रंगावर ठरतं. थर पातळ असताना चांदी आधी पिवळसर दिसते, मग तपकिरी, मग जांभळट-निळसर अशी मोरपंखी झाक मारते आणि शेवटी काळी होते.

पिवळसर असेल तर

नुसतं कोरडं मऊ कापड पुरतं. सराफाकडे चांदी पुसायचं खास कापड मिळतं ते घेतलं तरी चालेल, पण ते कापड धुवायचं नसतं, धुतलं की त्यातला मसाला जातो. पुसताना गोल गोल फिरवू नका, एकाच दिशेने सरळ हात मारा, गोल घासलेले बारीक चरे उजेडात लगेच दिसतात, सरळ असले तर डोळ्यात येत नाहीत. कापडाची घडी सारखी बदलत राहा, काळी झालेली बाजू परत परत फिरवण्यात अर्थ नाही.

तपकिरी असेल तर

खायच्या सोड्याची पेस्ट. तीन भाग सोडा, एक भाग पाणी, दाटसर. ओल्या कापडावर किंवा बोटावर घेऊन हलक्या हाताने फिरवा आणि जिथे डाग तिथेच फिरवा, सगळ्या भांड्याला लिंपायची गरज नाही. सोडा बऱ्यापैकी मऊ असतो, तरी तो घासणाराच पदार्थ आहे हे लक्षात ठेवा, म्हणून मुलाम्याला आणि आरशासारखी गुळगुळीत पॉलिश असलेल्या ताटाला हे नको. कोरडा सोडा थेट टाकून घासू नका, कायम ओलाच. नंतर खाचांत सोडा पांढरा राहतो तो ब्रशने आणि भरपूर पाण्याने काढा, नाहीतर पूजेच्या दिवशी सगळी नक्षी पीठ लागल्यासारखी दिसते.

काळीकुट्ट असेल तर फॉइल

ही पद्धत मला सगळ्यात आवडते कारण इथे घासणं जवळपास नाहीच, आणि गंधक चांदीला सोडून अल्युमिनियमकडे जातो, म्हणजे थरातली चांदी फडक्यावर न जाता परत चांदी होऊन वस्तूवरच राहते. जादू वगैरे काही नाही, दोन धातू खारट-सोडा पाण्यात एकमेकांना टेकले की बारीकशी बॅटरी तयार होते आणि तिच्या जोरावर हे चालतं. म्हणूनच वस्तू फॉइलला टेकलेलीच पाहिजे. लोक फॉइलचे तुकडे पाण्यात तरंगत सोडतात आणि मग म्हणतात काही होत नाही.

पातेलं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. आतून फॉइल लावा, चकचकीत बाजू कुठलीही चालते, त्यावर उगाच वाद घालतात लोक. पातेलं इतकं मोठं हवं की वस्तू पूर्ण बुडेल. धुतलेली वस्तू फॉइलवर ठेवा, कारण वर तेलकटपणा असेल तर पाणी पोचत नाही आणि मधे मधे काळे ठिपके राहतात. एका लिटर पाण्याला साधारण पाव कप खायचा सोडा असं प्रमाण, मीठ घातलं तर एखादा छोटा चमचाच घाला आणि नाही घातलं तरी अडत नाही. पाणी उकळून गॅस बंद करा, सोडा थोडा थोडा टाका, एकदम टाकला तर दूध उतू जातं तसं फसफसून बाहेर येईल, मग ते पाणी वस्तूवर अलगद ओता. गॅसवर ठेवून वस्तू उकळायची गरज नाही.

थोड्याच वेळात सडक्या अंड्यासारखा वास येतो, घाबरू नका, तो गंधकच सुटतोय, फक्त खिडकी उघडी ठेवा आणि तोंड पातेल्यावर नेऊन वास घेत बसू नका. फॉइलवर पिवळट-काळे डाग पडायला लागतात. दोन-तीन मिनिटांनी लाकडी चमच्याने वस्तू उलटी करा म्हणजे दुसरी बाजू टेकेल. पाच मिनिटांत बहुतेक काम होतं, फार जुना थर असेल तर पाणी थंड झाल्यावर ओतून द्यायचं आणि नवीन फॉइल, नवीन सोडा घेऊन परत एकदा. रात्रभर बुडवून ठेवायचं नाही.

बाहेर काढली की वस्तू थोडी पांढरट, मंद दिसेल, चकाकी नसेल. तुमचं काही चुकलेलं नाही, परत आलेली चांदी जरा भुसभुशीत बसते, त्यामुळे तसं दिसतं. भरपूर पाण्याने धुवा, कोरडी करा आणि सुती कापडाने हळूच पुसा, झळाळी येते.

पण परत सांगते, ही पद्धत पहिल्या ढिगालाच. लाख भरलेलं, खडे-मोत्यांचं, ऑक्सिडाइज्ड, मागे तांबं असलेले टाक यांना नाही. नक्षीच्या खाचांत मुद्दाम ठेवलेला काळा रंग ही पद्धत सगळाच्या सगळा धुवून टाकते, ती निवड करत नाही. आणि जर्मन सिल्व्हरवर तर काहीच होणार नाही, फॉइल वाया.

वेगवेगळ्या वस्तूंचं थोडं थोडं

पैंजण आणि वाळे: घुंगरांच्या आत मळ, साबण, पायाची धूळ सगळं बसतं. रिठ्याच्या पाण्यात अर्धा तास, मग ब्रश, मग पाण्यात हलवून हलवून खळबळा. नंतर टॉवेलवर आपटत नाही पण झटकत पाणी काढा आणि पंख्याखाली पूर्ण सुकू द्या, हेअर ड्रायर असेल तर गार हवेवर. घुंगरात ओल राहिली तर आतून हिरवं-काळं धरतं. कड्या आणि फासा याच वेळी तपासा, सैल असेल तर सोनाराकडे न्या, कारण हरवल्यावर उपयोग नाही.

बाळाची वाटी, चमचा, बोंडलं: इथे डिप, क्रीम, पॉलिशचं कापड काहीही नको, तोंडात जाणारी गोष्ट आहे. साबण-पाणी, फार झालं तर फॉइल, आणि मग पिण्याच्या पाण्याने धुणं. बोंडल्याच्या चोचीत दूध अडकतं, वापरल्या वापरल्या लगेच गरम पाणी आरपार जाऊ द्या.

अत्तरदाणी, गुलाबदाणी: झाकण-जाळी सुटी होत असेल तर सुटी करा, जोर लावून फिरवू नका, आटे फार मऊ असतात. आत गुलाबपाणी तसंच ठेवून दिलं असेल तर आधी ते ओता, कोमट पाणी भरून थोडा वेळ ठेवा. तारकामाच्या जाळीत ब्रश घुसवायचा नाही, कापसाची काडी वापरा.

गणपतीच्या दूर्वा, जास्वंद, केवडा, मुकुट, सोंडपट्टी: पातळ पत्रा असतो, दाबलं की वाकतो. तळहातावर ठेवून, खालून आधार देऊन पुसा. कुंकू-शेंदूर लागला असेल तर ओलसर कापूस. शेंदूर तेलात कालवलेला असतो त्यामुळे नुसत्या पाण्याने निघत नाही, लिक्विडचा एक थेंब घ्या.

टाक आणि मुखवटे: ओलसर कापडाने पुसा, कोरड्याने पुसा, बास. चेहऱ्यावर कुठलीही पेस्ट नको. खाचांतला काळेपणा राहू द्या, त्यानेच देवाचे डोळे दिसतात. अभिषेक होत असेल तर दही-मधाचं काही फटीत राहिलं नाही ना ते बघून पूर्ण कोरडे करून मगच देव्हाऱ्यात ठेवा.

हे करू नका

टूथपेस्ट आणि दातांची पावडर. हो, माहितीये, सगळे करतात, आणि चमकही येते. दाताचं बाहेरचं कवच चांदीपेक्षा खूप कठीण असतं, त्याच्यासाठी बनवलेली पूड चांदीवर बारीक चरे पाडते, आणि चरे पडलेली चांदी पुढच्या वेळी लवकर काळी होते कारण मळ-ओल धरायला जागा मिळते. राख, रांगोळी, वीटकर, स्टीलची घासणी, काथ्या, हिरवा स्क्रबर हे सगळं त्याच यादीत, त्यातही रांगोळी म्हणजे दगडाची पूडच की.

लिंबू, चिंच, व्हिनेगर, टोमॅटो सॉस, कोला. हे तांब्या-पितळेचे उपाय आहेत. चांदीतलं तांबं आंबटाने विरघळतं आणि भांड्यावर गुलाबी-मळकट पट्टे उठतात. ब्लीच तर अजिबात नाही, क्लोरीन लागलं की चांदी उलट आणखी काळी होते.

बाजारातलं डिप म्हणजे बहुतेक वेळा आम्ल आणि थायोयुरिया नावाचं रसायन, झटकन काम होतं पण वरचा थर खाऊन टाकतं, हाताला आणि नाकालाही चांगलं नाही, आणि पोकळ वस्तूत शिरलं तर पूर्ण निघत नाही. घरात लहान मूल असेल तर मी तरी आणणार नाही.

परदेशात राहणाऱ्यांनो, डिशवॉशर नको. पावडर तिखट, पाणी कडक, शेजारी स्टीलचे चमचे, सगळंच चांदीच्या विरोधात. हाताने धुवायला दोन मिनिटं लागतात.

आणि दारावर येणारे पॉलिशवाले. "ताई, पावडरचा डेमो दाखवतो, फुकट आहे" म्हणत आधी पितळेची समई, मग चांदीचं पैंजण चकचकीत करून देतात आणि मग म्हणतात बांगड्या द्या, मंगळसूत्र द्या. दागिने हातचलाखीने लांबवतात, नाहीतर द्रावणात बुडवून सोनं त्यातच उतरवून नेतात. पोलीस दरवर्षी सांगतात तरी बातम्या येतातच. घरी एकटे असणाऱ्या आई-बाबांना हे आवर्जून सांगून ठेवा, दार उघडायचंच नाही.

ठेवायची कशी

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे वापरा. रोज वापरात असलेला चमचा, रोज पायात असलेली जोडवी काळी पडत नाहीत कारण हात-पाणी-कापड लागत असतं. फक्त मीठ, लोणचं, अंडं चांदीच्या वाटीत ठेवून विसरू नका, मिठाने खड्डे पडतात आणि ते कशानेच भरून येत नाहीत.

ठेवायचीच असेल तर पूर्ण कोरडी करून, पांढऱ्या धुवट मलमलीत नाहीतर सुती कापडात गुंडाळून, एक वस्तू एका झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढून. आत सिलिका जेलची पुडी टाका, पुडी फाटकी नाही ना ते बघून. सराफाचा गुलाबी कागद दिसतो छान, पण ओल लागली की त्याचा रंग सुटतो, तेव्हा घरी आणल्यावर तो काढून टाका. वर्तमानपत्र, लोकरीचं किंवा मखमली कापड, रबरबँड हे नको, रबरबँडचा तर जिथे बांधला तिथे काळा पट्टा उमटतो आणि तो सहजी निघत नाही. डांबराच्या गोळ्या असलेल्या साड्यांच्या कपाटात चांदी ठेवू नका. देव्हाऱ्याच्या खणात उदबत्ती-कापूर-काडेपेटीच्या शेजारी ठेवतात बरेच जण, तिथून पण हलवा, काडेपेटीतही गंधक असतोच.

आणि जिथे पत्रा फाटलाय, जोडाचा डाग निखळलाय, मुठीतून लाख बाहेर येतेय, मुखवटा चेपलाय तिथे घरी काही करत बसू नका, ओळखीच्या सराफाकडे न्या. देताना वस्तूचं वजन समोर करून पावतीवर लिहून घ्या, मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा, आणि पॉलिश करायचं असेल तर बफिंगच्या, म्हणजे यंत्रावर फिरणाऱ्या पॉलिशच्या चाकावर धरू नका, हाताने करा असं स्पष्ट सांगा, टाक असतील तर नक्कीच. परत घेताना वजन पुन्हा करायला सांगा.